मॅकिनॉच्या सामुद्रधुनीतली डाइव्ह बोट: साडेचार तारे, आणि अर्धा का कापला

आधी निकाल, मग पुराण. मिशिगनमधल्या मॅकिनॉ सामुद्रधुनीत बुडालेली जहाजं बघायची असतील, तुमच्याकडे अॅडव्हान्स्ड ओपन वॉटरचं (स्कूबा डाइव्हिंगच्या पुढच्या पायरीचं) कार्ड असेल आणि थंड पाण्यात ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख) घालून थोड्याफार डाइव्ह झालेल्या असतील, तर मॅकिनॉ सिटीच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या या चार्टर बोटीवर बिनधास्त पैसे टाका. बोट जुनी आहे. कॅप्टन खडूस आहे. वर आल्यावर गरम चहासुद्धा कोणी विचारत नाही. पण ग्रेट लेक्समध्ये (अमेरिका-कॅनडातली पाच अजस्र तळी) मी ज्या ज्या बोटींवर गेलोय, त्यांत बुडालेल्या जहाजाची काळजी गिऱ्हाइकापेक्षा जास्त करणारी ही एकच बोट, आणि मला नेमकं तेच आवडलं.

बोटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छोट्या चार्टरला कोस्ट गार्डच्या नियमाने सहाच प्रवासी घेता येतात, उन्हाळा इथे जेमतेम तीन महिन्यांचा, आणि तारखा आधीच मिळत नाहीत. ज्याला खरोखर जायचंय त्याने मला विचारावं, नंबर देईन.

आता जागा समजून घ्या, कारण ती कळल्याशिवाय कॅप्टन एवढा खडूस का, ते कळत नाही. लेक मिशिगन आणि लेक ह्युरॉन नकाशावर दोन तळी दिसतात, पण पाण्याच्या हिशेबाने तो एकच जलाशय. दोन्हींची पातळी एकच, आणि दोन्हींना जोडणारी ही चिंचोळी खिंड. तिच्यावरचा पूल साधारण आठ किलोमीटर लांब. एकोणिसाव्या शतकात शिकागोचं धान्य पाण्यावरून बफेलोला न्यायचं तर दुसरी वाटच नव्हती, झाडून सगळी गलबतं इथूनच जायची. खडकाळ उथळ जागा, अचानक उतरणारं धुकं, एप्रिल आला तरी न हटणारा बर्फ, आणि दोन्हीकडून येणारी वर्दळ. त्यात पाण्याची लहर अशी की ते दोन-तीन दिवसांत दिशा पालटतं, आज पूर्वेला तर परवा पश्चिमेला. भरात असलं की नायगाराच्या धबधब्यावरून जेवढं पाणी पडतं त्याच्या दहापटीहून जास्त या खिंडीतून सरकतं. उन्हाळ्यात तर वरचा थर एकीकडे आणि खालचा थर उलट दिशेला, असाही प्रकार चालतो. समुद्र नाही म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी स्कूबा शिकलो तारकर्लीला, एमटीडीसीच्या केंद्रात; तिथल्या कोमट पाण्यात जी मस्ती चालते ती इथे चालत नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला बोटीवर पाऊलही ठेवता आलं नाही. पहाटे पाचला कॅप्टनचा मेसेज: "पश्चिमेचा वारा. आज नाही." बस्स. खाली ना सॉरी, ना स्मायली. माझा डाइव्हचा जोडीदार सम्या नोव्हीहून चार-साडेचार तास गाडी हाणून आला होता, त्याने मेसेज वाचून जे उद्गार काढले ते इथे लिहिता येत नाहीत. सकाळी नऊला धक्क्यावर गेलो तेव्हा ऊन लख्ख पडलेलं आणि पाणी किनाऱ्याशी अगदी शहाण्यासारखं वागत होतं. पण पुलाच्या खांबांकडे नजर टाकली की पांढऱ्या फेसाच्या रेघाच रेघा. पैशांबाबत मात्र चोख: हवामानामुळे रद्द झालं तर पुढची तारीख घ्या, नाहीतर सगळे पैसे परत, एक डॉलर कापत नाहीत. बाकी ठिकाणी "क्रेडिट देऊ" म्हणून घोळवतात, त्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

मोकळा मिळालेला तो दिवस आईमुळे सत्कारणी लागला. आई डोंबिवलीहून उन्हाळ्यापुरती आली होती आणि "तुम्ही बुडायला जाताय तर मी खोलीत बसून काय करू" म्हणून आमच्याबरोबर निघाली होती. तिला घेऊन ओल्ड मॅकिनॉ पॉइंटच्या दीपगृहात गेलो. पुलाच्या दक्षिण टोकाशी, पिवळसर विटांचं, लाल छपराचं, छोट्या गढीसारखं दिसणारं बांधकाम. इथे १८९० मध्ये आधी धुक्याचा भोंगा आला, मग १८९२ मध्ये दिवा. १ नोव्हेंबर १९५७ ला पूल सुरू झाला आणि पुलाचेच दिवे खलाशांना दुरून दिसायला लागले, तेव्हा दीपगृहाचं काम संपलं. आवारातच बुडालेल्या जहाजांचं छोटं संग्रहालय आहे. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी हे पुरेसं आहे, आणि ज्यांना उतरायचंय त्यांनी तर आधी इथे यावंच. खाली काय बघायचं ते इथेच कळतं.

आई प्रत्येक पाटी वाचत होती, मला मधूनमधून अर्थ विचारत. ‘ईबर वॉर्ड’ या लाकडी आगबोटीपाशी ती बराच वेळ थांबली. १९०९ चा एप्रिल. हिवाळा संपला म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच मका भरून निघालेली बोट. सामुद्रधुनीत अजून बर्फ तरंगत होता. बर्फाच्या लादीने पुढची बाजू फोडली आणि काही मिनिटांत बोट तळाला. पाचजण गेले. आई म्हणाली, "अरे, पण मक्याची एवढी काय घाई होती?" मी सांगितलं, पहिली बोट पोचली की भाव चांगला मिळतो. त्यावर ती फक्त "हं" म्हणाली. हे "हं" आमच्या घरात कशासाठी वापरतात ते आम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सहाला धक्क्यावर. वारा पडलेला. कॅप्टन साठीपुढचा, बोलणं मोजूनमापून. हाताखाली एक तरुण मुलगी, तिचं नाव सगळे घेत होते पण मी इथे घेत नाही. बोट बांधण्यापासून टाक्या उचलण्यापर्यंत सगळं ती करत होती, आणि सम्याचा ड्रायसूटचा मानेचा रबर नीट बसला नव्हता ते तिनेच ओळखलं. नाहीतर आठ अंशांच्या पाण्याने सम्याची पाठ धुऊन निघाली असती.

ब्रीफिंग पांढऱ्या फळ्यावर. जहाजाचं चित्र कॅप्टनने स्वतः काढलं, सुबक. मग नियम. मुरिंगच्या दोरीनेच (बोट ज्या बोयाला बांधतात त्याची दोरी) खाली जायचं, त्याच दोरीने वर यायचं. प्रवाह ओढत असेल तर दोरी सोडायची नाही, डाइव्ह सोडायची. कशालाही हात लावायचा नाही. आत शिरायचं नाही, डोकंसुद्धा नाही. आणि वर आल्यावर सगळ्यांनी जॅकेटचे आणि सूटचे खिसे उलटे करून दाखवायचे. आमच्याबरोबर ओहायोचे दोन काका होते, त्यातल्या एकाने हसून विचारलं, "झडती घेणार का?" कॅप्टन म्हणाला, "हो." पुढे काही बोलला नाही.

पहिली डाइव्ह ‘सँडस्की’. दोन डोलकाठ्यांचं ब्रिग जातीचं गलबत, १८४८ मध्ये बांधलेलं. सप्टेंबर १८५६ मध्ये शिकागोहून बफेलोसाठी धान्य भरून निघालं, १८ सप्टेंबरला या सामुद्रधुनीत वादळात सापडलं. सातजण होते, सातही गेले. १९८१ मध्ये सापडलं तेव्हा सव्वाशे वर्षं कोणाचा हात त्याला लागला नव्हता.

वर पाणी निळं, पाच-सहा मीटरनंतर हिरवं, त्याच्याखाली थंडीचा एक पडदा असतो तो ओलांडला की गालांना चटका बसतो. दोरीवर आम्ही झेंड्यासारखे आडवे, प्रवाह ह्युरॉनकडे. वीस मीटरच्या आसपास ओढ एकदम गेली आणि मग हळूच उलटी लागायला लागली. ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं म्हणून दचकलो नाही. पंचवीस मीटरवर तळ. आणि समोर नाळेवरून, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावरून, पुढे आलेला तो लांब वासा, ज्याला पुढची शिडं बांधत. बांधून पावणेदोनशे वर्षं होत आलेलं लाकूड, आणि अजून सरळ. डोलकाठ्या आता उभ्या नाहीत, पण गलबत तळावर सरळ बसलंय, कलंडलेलं नाही. नांगर ओढायचा रहाट जागेवर.

हे एवढं टिकलं कसं, ते सांगायलाच हवं. पाणी थंड आणि खाली उजेड कमी, म्हणून कुजणं सावकाश. पण खरं कारण म्हणजे समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. आपल्याकडे कोकणात लाकडी होडी नुसती पाण्यात सोडून दिली तर दोन-चार पावसाळ्यांत तिची चाळण होते. १८५६ चं लाकडी गलबत अरबी समुद्रात बुडालं असतं तर आज दगडाचं नीरम (तोल राखायला तळाशी भरलेलं वजन), नांगर आणि खिळे-पत्रे एवढंच हाती लागलं असतं. इथे अख्खं गलबत आहे. म्हणूनच त्याला हात लावायचा मोह होतो, आणि म्हणूनच कॅप्टन खिसे तपासतो.

नाळेच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, वळलेल्या शिंगांचं. ग्रेट लेक्सच्या डायव्हरांमध्ये हा मेंढा प्रसिद्ध. पण आज खाली दिसतो तो मूळ नाही. १९८० च्या दशकात कोणीतरी मूळ मेंढा कापून न्यायचा प्रयत्न केला. तेव्हा तो वर काढून जपून ठेवला आणि त्याच्या जागी हुबेहूब नक्कल बसवली. मी त्या नकलेच्या तोंडासमोर अर्ध्या मीटरवर तरंगत होतो. नाकाडावर बोटाच्या पेराएवढे शिंपले गच्च चिकटलेले, एकावर एक, शिंगाच्या वळणात तर इतके की वळण ओळखू येईना. टॉर्च जवळ नेला की सगळ्यांची तोंडं एकदम मिटतात. मिटताना आवाज येत नाही, पण दिसतं बरोबर: पांढरट कडा आत जाते आणि फक्त करडी-तपकिरी रेघ उरते. प्रत्येकाच्या बुडाशी केसासारखे धागे, ते लाकडाच्या रेषांत घुसलेले. एखादा सुटून पडलेला असेल तिथे लाकडावर छोटा फिकट ठिपका राहतो, सोललेल्या सालीसारखा.

हे झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले इथले नव्हेत. परदेशी मालवाहू जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आले; झेब्रा पहिल्यांदा सापडले १९८८ मध्ये, डेट्रॉईटजवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये. पाणी गाळून पितात, त्यामुळे पाणी लख्ख झालं. पूर्वी इथे हातभर अंतरावरचं दिसायची मारामार होती असं जुने डायव्हर सांगतात. मला त्या दिवशी बारा-पंधरा मीटरवरचं दिसत होतं. म्हणजे आज जे दिसतं ते त्यांच्याच कृपेने, आणि जे हळूहळू झाकलं जातंय, वजनाने वाकतंय, खिळ्यांपाशी गंजतंय, तेही त्यांच्याचमुळे. खरवडून काढावेत म्हटलं तर लाकडाचा वरचा थर सोबत निघतो. सम्याने नंतर कॅप्टनला विचारलं, मग उपाय काय? तो म्हणाला, "लवकर बघून घ्या. फोटो काढा. मापं घ्या." खरंच, कायद्याने माणसाला अडवता येतं, शिंपल्याला कुठला कायदा लावणार?

माणसाला अडवणारा कायदा मिशिगनने १९८० मध्ये केला. तळ्यांचा तळ राज्याच्या मालकीचा, तिथलं जहाज आणि त्यावरची वस्तू परवान्याशिवाय हलवली तर गुन्हा, आणि महत्त्वाच्या भागांना पाण्याखालचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करायचं. मॅकिनॉचं राखीव क्षेत्र १९८३ चं. पुढे १९८७ च्या केंद्रीय कायद्याने अशा सोडून दिलेल्या जहाजांचा हक्क राज्यांकडे दिला. त्याआधी सुकाणूची चाकं, घंटा, कंदील, ताटल्या, जे सुटेल ते लोक घरी नेत. त्यातलं कितीतरी अजून कोणाकोणाच्या तळघरात बारच्या मागे टांगलेलं आहे. कायदा एकीकडे, पाण्यावर पोलीस किती फिरणार? रोजचं राखण बोटवाले आणि हौशी लोकच करतात. मुरिंगचे बोये हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. जहाजापासून बाजूला जड ठोकळा, त्याला साखळी, वर बोया. बोट बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. वसंतात बोये लावायचे, बर्फ यायच्या आत काढायचे. यात स्वयंसेवकच राबतात.

हे क्षुल्लक वाटत असेल तर एक सांगतो. ग्रेट लेक्समध्येच दुसरीकडे एका बोटवाल्याबरोबर गेलो होतो, नाव-गाव सांगत नाही. बोया त्याला सापडेना. दहा मिनिटं शोधलं, मग गडी वैतागला आणि साउंडरवर (खोली दाखवणारं यंत्र) जहाजाचा उंचवटा दिसला तिथेच लोखंडी नांगर सोडला, जहाजावरच अडकावा म्हणून. खाली गेलो तर नांगराचं एक टोक डेकच्या फळीत रुतलेलं, आणि वर लाट आली की साखळीबरोबर फळी उचलली जात होती. फळीचा पांढरा, ताजा मोडलेला कड मला अजून दिसतो. वर येऊन बोललो तर म्हणाला, "ते तर तसंही सडतंय." त्या बोटीवर चहा मिळत होता, गरम सूप मिळत होतं, आंघोळीला गरम पाण्याचा पाइपही होता. त्याला मी दोन तारे दिले होते, ते सुद्धा सुपाचे.

म्हणून इथल्या कॅप्टनने बोया गाठायला बोट दोनदा वळवून घेतली, पाण्यात पडलेली दोरी मुलीने आकडीने उचलली, आधी दोरी झिजली आहे का ते हाताने चाचपलं आणि मगच बांधली, तेव्हा मी मनातल्या मनात तारे मोजायला सुरुवात केली होती.

दुसरी डाइव्ह ‘सीडरव्हिल’. हे जहाज पोलादी, १९२७ चं, ५८८ फूट लांब. ७ मे १९६५ च्या सकाळी रॉजर्स सिटीजवळच्या कॅल्साइट बंदरातून चौदा हजार टनांवर चुनखडी भरून निघालं, इंडियानातल्या गॅरीकडे. धुकं एवढं की समोरचं काही दिसेना. पुलाच्या पूर्वेला ‘टॉपडाल्सफ्योर्ड’ या नॉर्वेच्या जहाजाची धडक बसली. कॅप्टनने किनाऱ्याकडे धाव घेतली, जहाज उथळात घालायचा बेत होता. किनारा गाठण्याआधीच ते उलटलं. पस्तीसपैकी दहाजण गेले. पाण्यात पडलेल्यांना जवळच असलेल्या ‘वायसनबर्ग’ या जर्मन जहाजाने उचललं.

या डाइव्हबद्दल मोजकंच लिहितो. जहाज जवळजवळ पालथं पडलंय. वरचा भाग बारा-पंधरा मीटरवरच लागतो, म्हणून सोपी डाइव्ह समजून लोक येतात, आणि फसतात. भिंत म्हणून जिच्या कडेने जाता ती डेक असते, छत वाटतं ती जमीन. दिशांचं भान सुटायला दोन मिनिटं पुरतात. आत शिरून परत न आलेले डायव्हर इथे झालेत. सँडस्कीवर मला नवल वाटत होतं. इथे पोलादाच्या त्या कड्याशेजारून पोहताना छातीवर दडपण होतं आणि मी घड्याळाकडे जरा जास्तच वेळा बघत होतो. इथे आत न शिरण्याच्या नियमाला आणखी एक कारण आहे. कॅप्टन ब्रीफिंगला म्हणाला होता, "सँडस्कीवाल्यांना आता कोणी ओळखत नाही. इथल्यांना ओळखणारे आहेत." खलाशी बहुतेक रॉजर्स सिटीचे, छोटं गाव. त्याच गावाने साडेसहाच वर्षं आधी, नोव्हेंबर १९५८ मध्ये, ‘कार्ल डी. ब्रॅडली’ लेक मिशिगनमध्ये बुडाली तेव्हा पस्तीसपैकी तेहतीस माणसं गमावली होती, आणि त्यातलेही बरेचसे गावचे आणि आसपासचे.

संध्याकाळी आईला हे सांगितलं. १९६५ म्हणजे ती शाळेत होती. ती म्हणाली, "मग त्या खलाशांच्या मुलांची वयं माझ्याएवढी असतील आता." थोड्या वेळाने पुन्हा: "आणि तुम्ही तिथे फोटो काढता?" सम्याने कॅमेरा बॅगेत टाकला. मला वाटतं काढावेत, मापं-फोटो नसतील तर उद्या शिंपल्यांखाली काय होतं ते कोणाला कळणार नाही. पण पालथ्या जहाजाच्या खिडकीपाशी अंगठा वर करून सेल्फी काढणारे पण बघितलेत, त्यांच्याबद्दल आईचं म्हणणं मला मान्य आहे.

जाता जाता आपल्याकडचं. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेलं ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तळाला बसवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. खाऱ्या पाण्यातलं पोलादी जहाज, त्यामुळे किड्याचा प्रश्न नाही, गंजाचा आहे. तिथे कोणीही मेलेलं नाही, त्यामुळे सुतकी चेहरा करून जायची गरज नाही. पण बोये पहिल्या दिवसापासून हवेत, आणि मालवणच्या सगळ्या बोटवाल्यांनी ते वापरायला हवेत. मोसमात डिसेंबरच्या एका रविवारी तिथे किती बोटी असतील याचा अंदाज ज्यांनी मालवणचा धक्का पाहिलाय त्यांना येईल. प्रत्येकाने आपापला नांगर टाकला तर गुलदारचं भंगार व्हायला गंजाची वाट बघावी लागणार नाही.

आता अर्धा तारा का कापला. बोटीवर स्वच्छतागृह म्हणजे पडद्यामागची एक बादली, आणि ड्रायसूट काढून घालायला वेळ लागतो हे कोणी गृहीत धरलेलं नाही. बायकांनी आधी विचारून घ्यावं, कारण वेबसाइटवर याचा उल्लेख नाही. दोन डाइव्हच्या मध्ये तासभर उघड्या डेकवर बसावं लागतं, ऑगस्टमध्येही कुडकुडायला होतं. टोपी, वाऱ्याचं जॅकेट आणि थर्मास स्वतःचा न्या. कॅप्टनच्या खडूसपणाचे गुण मी कापलेले नाहीत. खिसे मात्र खरंच तपासले. ओहायोच्या काकांच्या खिशातून शिंपल्याचं एक सुटं टरफल निघालं, तेही कॅप्टनने पाण्यात परत टाकायला लावलं. काका म्हणाले, अहो, हे तर उपद्रवी किडे आहेत! कॅप्टन म्हणाला, "आज टरफल, उद्या खिळा."

पैसे: दोन डाइव्हचे माणशी दीडशे डॉलरच्या आसपास, टाक्यांचं भाडं वेगळं. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) हवं असेल तर आधी कळवा. ड्रायसूट त्यांच्याकडे नाही, खाली दक्षिणेकडेच कुठेतरी भाड्याने घेऊन या आणि एखाद्या खाणीच्या तळ्यात सराव करून या. जून अखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा हे दिवस बरे. एक जादा दिवस हाताशी ठेवाच, वाऱ्याचा भरवसा नाही. राहायला पुलापलीकडे सेंट इग्नेस स्वस्त पडतं, पुलाचा टोल गाडीला चार डॉलर. तिकडे पेस्टी नावाचा प्रकार मिळतो, बटाटा-मांस भरलेला, पोटभरीचा. शाकाहारीही मिळते पण आधी विचारा, कारण आतला रुटाबागा कंद सगळ्यांनाच झेपतो असं नाही. आईला झेपला नाही. तिने नंतर अर्धा किलो फज (बर्फीसारखी मिठाई) घेतला आणि तो डोंबिवलीला घेऊन गेली.